क्लॅमथचं आवर्तन: तलाव एक, मासे दोन, आणि कालवा कोरडा

पुण्यात पाण्याचं भांडण म्हटलं की दोनच बाजू समोर येतात: एकीकडे शहर, दुसरीकडे हवेली-दौंड-इंदापूरचा शेतकरी. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा मिळून साधारण 29 टीएमसी (अब्ज घनफूट) उपयुक्त साठा. कालवा सल्लागार समितीची बैठक पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली बसते, टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी आणि महापालिका एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि रब्बीचं आवर्तन (कालव्यातून पाणी सोडण्याची पाळी) किती, उन्हाळी किती ते ठरतं. खुद्द नदीला किती, हा प्रश्न कोणी विचारत नाही. विचारला तर हसू होईल.

नदीच्या बाजूने कायदा उभा राहिला की काय होतं, ते अमेरिकेतल्या क्लॅमथ खोऱ्यात दिसतं. पाणीवापर संस्थांच्या, म्हणजे कालव्याचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकरी संस्थांच्या, लोकांशी बोलताना मी हे प्रकरण मांडतो. ते आदर्श आहे म्हणून नव्हे. चुका दोन्ही बाजूंनी झाल्या, त्या उघड झाल्या आणि त्यांची मोजदादही झाली, म्हणून. शिवाय आकार आपल्या ओळखीचा आहे. तिथल्या मुख्य तलावाचा वापरता येण्याजोगा साठा 20 ते 25 टीएमसीच्या घरात, म्हणजे आपल्या साखळीपेक्षा थोडा कमीच.

खोरं आणि माणसं

ओरेगॉन राज्याच्या दक्षिणेला अपर क्लॅमथ हा मोठा पण उथळ तलाव आहे. त्यातून निघणारी नदी कॅलिफोर्नियात शिरते आणि सुमारे 410 किलोमीटर वाहून प्रशांत महासागराला मिळते. 1905 मध्ये केंद्र सरकारने इथे सिंचन प्रकल्प हाती घेतला. 1907 मध्ये ‘ए कालवा’ सुरू झाला. 1921 मध्ये तलावाच्या तोंडाशी बंधारा बांधून पाण्याची पातळी हातात घेतली. आसपासची दलदल आणि दोन उथळ तलाव उपसून शेतजमीन काढली. भिजणारं क्षेत्र सुमारे दोन लाख एकर. पिकं लसूणघास, बटाटा, कांदा, जव.

ही जमीन माजी सैनिकांना सोडत काढून दिली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सोडतीत नावांच्या चिठ्ठ्या लोणच्याच्या बरणीतून काढल्या होत्या. ज्याची चिठ्ठी निघाली त्याच्या नातवंडांनी 2001 पर्यंत ती शेती केली, आणि सरकारनेच बोलावून दिलेलं पाणी सरकार कधी बंद करेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांचा पुढचा संताप समजून घ्यायचा तर ही बरणी लक्षात ठेवावी लागते.

पण त्या पाण्यावर जुना हक्क दुसऱ्यांचा होता. तलावाभोवती राहणाऱ्या क्लॅमथ आदिवासींनी 1864 च्या तहात बहुतेक जमीन सोडली, मासेमारीचा हक्क मात्र राखला. 1983 मध्ये न्यायालयाने सांगितलं की मासेमारीचा हक्क आहे तर मासे जगण्याइतक्या पाण्याचाही आहे, आणि तो अनादी काळापासूनचा. अमेरिकेच्या पश्चिम भागात ‘जो आधी आला त्याचं पाणी आधी’ असा नियम चालतो. तो धरला तर 1905 चा प्रकल्प रांगेत बराच मागे जातो. नदीच्या खालच्या अंगाला युरोक, कारुक आणि हूपा या जमाती आहेत. त्यांचं सगळं जगणं समुद्रातून नदीत वर येऊन अंडी घालणाऱ्या सामन माशाभोवती.

दोन मासे, दोन उलट मागण्या

इथे गाठ बसते, आणि ती सांगणाऱ्यांच्या घाईत बहुतेकदा सुटून जाते. हे प्रकरण ‘शेतकरी विरुद्ध मासा’ असं सांगितलं जातं. खरं तर संरक्षित मासेच एकमेकांविरुद्ध उभे होते.

तलावात सकर जातीचे दोन मासे राहतात. स्थानिक भाषेत त्यांना च्वाम आणि कोप्टू म्हणतात. हे मासे पन्नास वर्षांपर्यंत जगू शकतात. दोघेही 1988 मध्ये संकटग्रस्त यादीत आले. त्याच्या दोन वर्षं आधीच क्लॅमथ आदिवासींनी स्वतःची सकरची मासेमारी बंद केली होती. सकर वसंतात उपनद्यांत आणि तलावाकाठच्या झऱ्यांपाशी अंडी घालतात. पातळी उतरली की काठाची ती जागा उघडी पडते. म्हणजे सकरला तलाव भरलेला हवा.

तलावाच्या खाली नदीत कोहो सामन. तो 1997 मध्ये यादीत आला. त्याला नदीत थंड, वाहतं पाणी हवं, म्हणजे तलावातून पाणी सोडलेलं हवं. एकाच तलावावर दोन कायदेशीर दावे: एक म्हणतो ठेवा, दुसरा म्हणतो सोडा. पावसापाण्याचं साल असेल तर दोघांचं भागतं आणि कालव्यालाही उरतं. दुष्काळात कालवा तिसरा.

कालवा चालवणारं खातं केंद्राचं होतं, हाही मुद्दा महत्त्वाचा. 1973 च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यानुसार केंद्राच्या कोणत्याही खात्याला अशा प्रजातीचं अस्तित्व धोक्यात येईल असं काम करता येत नाही. गेट उघडणं हेसुद्धा कामच.

2001 आणि 2002

2001 चा हिवाळा कोरडा गेला. 6 एप्रिलला खात्याने जाहीर केलं की प्रकल्पातल्या बहुतेक जमिनीला यंदा पाणी मिळणार नाही. बियाणं आणलेलं, बँकेचं कर्ज उचललेलं, मशागत झालेली. 7 मे रोजी क्लॅमथ फॉल्स गावात हजारो लोक मुख्य रस्त्यावर रांगेत उभे राहिले आणि तलावाच्या बाजूने बादल्या हातोहात पुढे देत त्यांनी ते पाणी ए कालव्यात ओतलं. पन्नास बादल्या, प्रत्येक राज्याच्या नावाची एक. पुढे उन्हाळ्यात काही लोकांनी गेटं जबरदस्तीने उघडली आणि तिथे केंद्रीय पोलीस बसवावे लागले. जुलैअखेर सुमारे 70 हजार एकर-फूट, म्हणजे तीन टीएमसी पाणी सोडलं. बटाट्याला ते उपयोगाचं नव्हतं. कुरणं तेवढी हिरवी झाली. खोऱ्यातल्या पक्षी अभयारण्यालाही पाणी मिळालं नाही, हे मात्र कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. ते अभयारण्य कालव्याच्या परतीच्या पाण्यावर जगत होतं.

2002 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने अंतरिम अहवाल दिला. तलावाची पातळी आणि नदीचा प्रवाह वाढवून माशांना फायदा होतो, याला उपलब्ध माहितीत पुरेसा आधार दिसत नाही, असा त्याचा सूर होता. शेतकऱ्यांनी त्याचा अर्थ ‘पाण्याने माशाला फरक पडत नाही’ असा घेतला. तसं अहवालात नव्हतं. पुरावा सापडला नाही म्हणजे परिणाम होत नाही असं नव्हे, पण राजकारणात एवढा बारकावा टिकत नाही. मार्चअखेर दोन केंद्रीय मंत्री आले, समारंभाने गेटं उघडली. त्या वर्षी पाऊस फारसा बरा नव्हता, तरी कालवा भरून वाहिला.

सप्टेंबरमध्ये नदीच्या खालच्या टप्प्यात समुद्रातून वर निघालेले मासे मरू लागले. प्रवाह कमी, पाणी उबदार, त्यात मासे मोठ्या संख्येने आलेले. पुढे सरकायला पाणी नाही म्हणून डोहांत दाटीवाटीने अडकलेले. कल्ले सडवणारा जिवाणू आणि एक परजीवी यांना असं काही मिळणं म्हणजे पर्वणी. सरकारी अंदाज किमान 33-34 हजार माशांचा. कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याला प्रत्यक्ष आकडा दुप्पट असू शकतो असं वाटलं. युरोक लोकांनी काठावर सडणारे सामन पाहिले, आणि त्यांच्या एका पिढीच्या आठवणीत ते वर्ष कायमचं राहिलं.

मेलेल्यांत बहुतेक चिनूक या दुसऱ्या जातीचे सामन होते. कायद्याच्या यादीत नाव असलेला कोहो त्यात काही शेकडाच. म्हणजे ज्या माशासाठी नियम बनवले, त्याचा आकडा पाहत बसलं असतं तर ही घटना कागदावर ‘किरकोळ’ ठरली असती.

माशाची पाणीपट्टी

एका वर्गात दौंडकडच्या एका अण्णांनी मला थांबवून विचारलं, “सर, पण माशाची पाणीपट्टी कोण भरतं?” सगळे हसले. प्रश्न मात्र मुद्द्याला धरून होता, कारण क्लॅमथचा पुढचा सगळा इतिहास याच प्रश्नाच्या उत्तरांचा आहे.

2001 मध्ये ती शेतकऱ्याने भरली, अख्ख्या हंगामाने. 2002 मध्ये नदीकाठच्या जमातींनी भरली. 2003 पासून ‘पाणी बँक’ नावाची योजना आली. शेत पडीक ठेवा किंवा कालव्याऐवजी विहिरीचं पाणी वापरा, आणि सरकारकडून पैसे घ्या. कालव्याचं वाचलेलं पाणी नदीला. म्हणजे भरणा तिजोरीतून. वरवर हुशारीची योजना. पण विहिरींचा उपसा वाढला आणि भूजल उतरत गेलं. आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. कालवा उशिरा आला की बोअर चालू, आणि बोअरच्या पाण्याचा हिशेब कुठल्याच समितीपुढे येत नाही. क्लॅमथमध्ये 2021 च्या दुष्काळात घरगुती विहिरीसुद्धा आटल्या, लोकांना टँकरवर यावं लागलं. माशाचं बिल तोवर शेजाऱ्याच्या हापशापर्यंत पोचलं होतं.

मध्ये एक चांगली संधी आली होती. 2010 मध्ये शेतकरी, काही जमाती, पर्यावरण संस्था, दोन राज्यं यांनी मिळून करार केला. कालव्याला ठरावीक मर्यादेतलं पण खात्रीचं पाणी, नदीला जास्त पाणी, अधिवास सुधारायला पैसे. प्रत्येकाने थोडं सोडलं होतं. माझ्या मते या पूर्ण प्रकरणातली सर्वात शहाणपणाची गोष्ट तीच होती. संसदेने मंजुरी आणि पैसा दिला नाही, आणि 2015 संपताना करार आपोआप बाद झाला. वर्षानुवर्षं खटले लढलेली माणसं एका टेबलाशी बसून काहीतरी लिहून आणतात आणि ते कागद मुदत संपून विरतात, याला काय म्हणावं?

दरम्यान 2013 मध्ये ओरेगॉनने हक्कांचा क्रम ठरवला. क्लॅमथ आदिवासींनी आपला पहिला नंबर वापरला आणि तलावाच्या वरच्या अंगाला असलेल्या गुरेवाल्यांचं पाणी बंद झालं. 2021 मध्ये ए कालव्याला हंगामाचं पाणीच मिळालं नाही. 1907 पासून असं पहिल्यांदाच घडलं.

किती नव्हे, केव्हा

2014 आणि 2015 मध्ये समुद्राकडे निघालेल्या सामनच्या पिलांत एका परजीवीची लागण फार मोठ्या प्रमाणावर आढळली. हा परजीवी आयुष्याचा एक टप्पा नदीच्या तळाशी राहणाऱ्या बारीक किड्यात काढतो. वर्षानुवर्षं बंधाऱ्यांखाली संथ, एकसारखा प्रवाह राहिला की तळाशी शेवाळ-गाळ बसतो आणि त्या किड्याचं फावतं. पूर्वी पूर येई, तळ खरवडून निघे. 2017 मध्ये न्यायालयाने आदेश दिला: हिवाळ्याच्या शेवटी किंवा वसंतात थोड्या दिवसांसाठी मोठा लोट सोडा, आणि लागण वाढली तर पातळ करायला आणखी पाणी सोडा.

म्हणजे माशाची गरज बारमाही ठरावीक क्युसेक (सेकंदाला घनफूट) अशी निघाली नाही. काही दिवसांचा जोरदार लोट, काही आठवड्यांचा थंड प्रवाह, बाकी काळ बेताचं. आणि तो लोट नेमका तलाव भरून घेण्याच्या दिवसांत. शेतकऱ्याचा विरोध तिथेच होता. सोडलेलं पाणी जुलैत कमी पडणार.

2023-24 मध्ये क्लॅमथ नदीवरची खालची चार धरणं काढली. या बातमीने आपल्याकडच्या वाचकांचाही गैरसमज झाला असावा: ही चारही जलविद्युतची होती, सिंचनाचं पाणी त्यांतून जात नव्हतं. ती गेल्याने ए कालव्याचं पाणी वाढलं नाही, घटलंही नाही. पण ऑक्टोबर 2024 मध्ये ओरेगॉनमधल्या स्पेन्सर क्रीक या उपनदीत चिनूक सामन दिसला, 1912 नंतर प्रथमच. अडथळा काढला तर मासा वाट विसरलेला नसतो.

मुठेपाशी

आता हे आपल्या अंगणात. दख्खनच्या महसीरचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये केलं ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतून मिळालेल्या माशावरून. आज त्याच बाजूला मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसण्याच्या विहिरीतून) शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी उचलून बेबी कालव्यात टाकतात. वर खडकवासल्यातून स्वच्छ पाणी कालव्यात, खाली सांडपाणीही कालव्यात. मधल्या पात्रात गाड्या लावतात.

एक नियम आपल्याकडेही झाला. 2017 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सांगितलं की नद्यांत कमी प्रवाहाच्या काळातल्या सरासरीच्या किमान 15 ते 20 टक्के पाणी राखावं. हिमालयातल्या नदीला हे लागू पडतं. सह्याद्रीतल्या नदीचा एप्रिलमधला नैसर्गिक प्रवाहच धाग्याएवढा. त्याचे 15 टक्के काढून माशाच्या पदरात काय पडणार? उन्हाळ्यात इथला मासा प्रवाहावर जगत नाही, डोहावर जगतो. त्याला प्रवाह हवा असतो तो मृगात. कोकणात आणि घाटमाथ्यालगत वलगणीचे मासे पकडणाऱ्या कुणालाही विचारा: पहिला लोंढा आला की मासा अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतो. महसीरही पावसाळ्यात वर जातो, वाहत्या पाण्यातल्या खडी-गोट्यांत अंडी घालतो.

आणि नेमका तोच पहिला लोंढा धरणं गिळतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला खाली जवळपास काहीच जात नाही. साठा भरत आला की मग एकदम हजारो क्युसेक, भिडे पूल पाण्याखाली, पुलावरून मोबाईलवर चित्रण. माशाच्या दृष्टीने हे पाणी उशिरा येतं आणि फार जोरात येतं.

तर हिशेब मांडून पाहू. 500 क्युसेकने पाच दिवस पाणी सोडलं तर होतात 0.216 टीएमसी. साखळीच्या साठ्याच्या एक टक्क्याहून कमी. मुठेला नेमके 500 क्युसेकच लागतात असा माझा दावा नाही. फळ्यावर बोलताना प्रमाण कळावं म्हणून हा आकडा. वर्गात हे गणित मांडलं की पहिली प्रतिक्रिया येते, “एवढंच?” आणि दुसरी लगेच, “पण आमच्यातून नको.”

शहरातल्या पात्रात हा प्रयोग आधी करू नये असं माझं मत आहे. तिथे साचलेली घाण पहिल्या लोटाबरोबर खाली सरकते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि असलेले मासेही मरतात. सांडपाणी थांबल्याशिवाय तिथे क्युसेकची भाषा फुकट आहे. सुरुवात वरच्या अंगाला करावी: टेमघर धरणापासून खडकवासल्याच्या फुगवट्यापर्यंतचा मुठा खोऱ्यातला पट्टा. इथे सोडलेलं पाणी वाया जातच नाही, ते खडकवासल्याच्या जलाशयात येऊन पडतं. जूनच्या मध्याला खडकवासल्यात सहसा जागा असते. म्हणजे क्लॅमथमध्ये जी किंमत मोजावी लागली, ती या पट्ट्यात जवळपास शून्य. पाणी तेच, फक्त आठ-दहा दिवस आधी आणि नदीतून.

दोन अडचणी आहेत आणि त्या आताच सोडवायला हव्यात. पहिली, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. त्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्याआधी काढायचे हा नियम आहेच, पण वळवाचं पाणी अडवावं म्हणून ते शेवटच्या दिवसापर्यंत राहतात, कधी एखादी रांग खाली तशीच राहते. तेवढी फळी माशाला भिंत. बर्गे काढल्याची तारीख प्रत्येक बंधाऱ्यावर लिहून ठेवणं आणि ती पाणीवापर संस्थेने तपासणं, याला पैसा लागत नाही.

दुसरी अडचण खरी. एखाद्या वर्षी मृगात लोंढा येतो, पाणी सोडलं जातं, आणि मग महिनाभर पाऊस दडी मारतो. तेव्हा टेमघरमधून गेलेलं पाणी खडकवासल्यात आलेलं असतं खरं, पण तिथून ते आधी उचलणार शहर. टेलचा शेतकरी म्हणणार आमचं गेलं. म्हणून त्या दोन-तीन दशांश टीएमसीचं खातं आधीच ठरवावं: तूट पडली तर ती शहराच्या वाट्यातून वळती व्हावी, उन्हाळी आवर्तनातून नाही. हे जूनच्या आधी, कालवा समितीच्या इतिवृत्तात लिहिलेलं असावं. क्लॅमथमध्ये 6 एप्रिलला, मशागत झाल्यावर, पाणी नाही असं सांगितलं होतं.